दिंडोरीच्या घरातली स्पॅनिश बाई

आमच्या घरात भूत आहे हे मला फोनवर कळलं. शुक्रवारची सकाळ होती, सुट्टीचा दिवस. कुवेतमधल्या मंगफच्या फ्लॅटमध्ये मी मेथी निवडत बसले होते आणि फोन दिंडोरीहून आला होता.

दिंडोरीच्या बाजूला, गावापासून थोडं आत, आमचं चार खोल्यांचं घर आहे. भोवती चिकू, लिंबं आणि अजून न धरलेले आंबे. कुवेतमध्ये इतकी वर्षं काढून आम्ही जे काही केलं त्यातलं दाखवण्यासारखं एवढंच. वर्षातून एकदा सुट्टीवर जातो तेव्हा तिथे राहतो, बाकी वेळ घर बंद. जूनमध्ये नवऱ्याचा तेल कंपनीतला करार संपणार होता आणि त्यानंतर त्या घरात कायमचं राहायला जायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी बोलत असे आणि तो मान हलवत असे.

फोन करणारा आमची झाडं सांभाळणारा माणूस. शेजारच्याच वस्तीवर राहतो. किल्ली त्याच्याकडे असते.

“ताई, साहेब हायेत का जवळ?”

“झोपलेत. मला सांगा.”

“नाही, तसं काही नाही. रात्री घरात बाई बोलत होती.”

“कोण बाई?”

“आपल्यातली नव्हती. भाषा आपली नव्हती ना.”

“किती वाजता?”

“साडेअकरा झाले असतील. ह्या महिन्यात लाईट रात्रीची हाय, तर मोटर चालू करायला गेलतो.”

“मग आत जाऊन बघितलं का?”

“ताई, मी लेकराबाळांचा माणूस हाय.”

मी मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या आणि विचार केला. भुताचा नव्हे. साडेअकराला आम्ही सगळे गाढ झोपलेलो, त्यामुळे त्या घरावर लावलेल्या कॅमेऱ्यात कोणी काही पाहिलं असण्याची शक्यता नव्हती. म्हणजे एक तर हा पिऊन गेला असणार, नाहीतर त्याने आमचं घर कोणाला तरी राहायला दिलं असणार आणि उद्या कोणी आम्हाला सांगायच्या आधी स्वतःच भुताची गोष्ट रचून ठेवतोय.

असा विचार करायचा मला पगार मिळतो. मिरकाबमधल्या एका विमा कंपनीत मी अपघात झालेल्या गाड्यांचे दावे तपासते. आठवड्यातले दोन दिवस राई भागातल्या गॅरेजांमध्ये जाते, चेपलेले दरवाजे आणि फुटलेले दिवे बघते आणि लोकांच्या गोष्टी ऐकते. उभ्या गाडीला कोणीतरी धडकून पळून गेलं, ही सगळ्यात लाडकी गोष्ट. पहिल्यांदा ऐकताना मी मध्ये बोलत नाही. चार दिवसांनी पुन्हा विचारते. खोटं बोलणारा दोन्ही वेळा शब्दाला शब्द तेच सांगतो. खरं सांगणाऱ्याला दुसऱ्या वेळी काहीतरी नवीन आठवतं, काहीतरी बिनकामाचं. आणि दोन्ही वेळा मी एकच गोष्ट शोधत असते, की ह्या अपघातात फायदा कोणाचा.

ही सवय घरीही सुटत नाही, याचा त्रास लेकीला होतो. ती इथेच एका जाहिरातीच्या ऑफिसात काम करते आणि गुरुवारी संध्याकाळी आम्हाला सिनेमा दाखवते, कारण तिच्या मते आम्ही दोघं टीव्हीवर फक्त बातम्या बघून म्हातारे होतोय. आदल्या रात्री तिने एक स्पॅनिश सिनेमा लावला होता. माद्रिदचं एक जोडपं शहर सोडून खेड्यातल्या दगडी घरात राहायला जातं. आजूबाजूला ऑलिव्हची झाडं, मागे जुनी पाव भाजायची खोली. संध्याकाळ झाली की त्या खोलीतून घंटा ऐकू येते, आणि घंटा तर कधीच काढून नेलेली. मग एक बाई हळू आवाजात आकडे मोजते. दिसत नाही, फक्त मोजते. बायकोला ऐकू येतं, नवऱ्याला नाही.

“नवराच करतोय,” मी पहिल्या अर्ध्या तासातच सांगितलं. “त्याला घर हॉटेलवाल्याला विकायचंय. त्या दुसऱ्या माणसाशी दोनदा बोलला बघ.”

“आई, प्लीज. इट्स अ घोस्ट, नॉट अ क्लेम.”

“भुताला त्या घरातून काय मिळणार आहे?”

“बाबा, टेल हर!”

बाबा फोनमध्ये होते. बाबा रोज रात्री जेवण झालं की फोनवर दिंडोरीचं घर बघतात. राईच्या एका शोरूममधून घेतलेले दोन कॅमेरे मागच्या सुट्टीत नवऱ्याने स्वतः शिडीवर चढून लावले, एक पुढच्या ओट्यावर, एक मागच्या पडवीत. त्यांना आवाजही आहे, इथून बोललं की तिथे ऐकू जातं. दिवसा तो त्यातून त्या माणसाला सूचना देतो. “पाईप डावीकडे घ्या. डावीकडे. अहो, तुमच्या डावीकडे!” एवढा मोठा प्लांट चालवणारा माणूस लिंबाच्या आळ्यासाठी जवळजवळ तीन हजार किलोमीटरवरून घसा फोडतो, ते ऐकायला मजा वाटते.

अर्ध्यावर सिनेमा थांबवला, कारण लेकीला झोप आली. उरलेला पुढच्या गुरुवारी बघितला. शेवटी भूत खरंच निघालं. नवरा बिचारा निर्दोष. मला फसवल्यासारखं झालं. एवढे पुरावे दाखवायचे, हॉटेलवाला दाखवायचा, आणि शेवटी भूत! लेक आठवडाभर चिडवत होती.

आणि त्या दुसऱ्या गुरुवारनंतरच्या शुक्रवारी सकाळी पुन्हा दिंडोरीचा फोन आला. ह्या वेळी नवऱ्याने उचलला. तो बाल्कनीत जाऊन बोलला. परत आला तेव्हा चेहरा गंभीर.

“तो म्हणतो आता घराच्या आवारात पाय ठेवणार नाही. पुन्हा ऐकलं त्याने.”

“काय ऐकलं?”

“तेच. बाई.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हणणार? ठीक आहे म्हणालो.”

हे मला आवडलं नाही. डावीकडे म्हणजे कुठलं डावीकडे यावर अर्धा तास वाद घालणारा माणूस भुतावर ‘ठीक आहे’ म्हणतो? पण तेव्हा माझा सगळा संशय दिंडोरीकडे होता, त्यामुळे हे लक्षात ठेवून मी पुढे गेले.

पुढच्या तीन दिवसांत नवरा बोलायला लागला. जेवताना म्हणाला, गावात एकदा नाव पडलं की माणूस मिळत नाही कामाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, झाडं तर ह्या उन्हाळ्यात जळणारच. तिसऱ्या दिवशी म्हणाला, तो रिसॉर्टवाला आठवतो का, मागच्या वर्षी घर विचारत होता? त्याचा फोन आला होता. अजून तयार आहे.

“आपल्याला विकायचं नाहीये,” मी म्हणाले.

“विकायचं असं नाही. पण राहणार कसं तिथे?”

“बाई बोलते म्हणून?”

“बाईचं जाऊ दे गं. लोकांचं म्हणतोय मी. दूध कोण आणून देणार, धुणंभांडी कोण करणार? कोणी यायलाच तयार नाही तर.”

घर दोघांच्या नावावर आहे. विकायचं तर नाशिकच्या त्याच्या भावाला दोघांनी मुखत्यारपत्र द्यावं लागणार आणि त्यासाठी इथल्या भारतीय दूतावासात दोघांना सह्या करायला जावं लागणार. त्याने वेळ घेऊनसुद्धा ठेवली होती, मला न विचारता. गुरुवारी सकाळची. पासपोर्ट सापडायला ज्याला नेहमी मी लागते त्याने ह्या वेळी दोघांचे पासपोर्ट, सिव्हिल आयडी आणि फोटो एका पाकिटात घालून दारापाशी ठेवले होते.

माझ्या डोक्यात चित्र तयार होत होतं. रिसॉर्टवाल्याने आमच्या माणसाला हाताशी धरलंय. माणूस भुताची हूल उठवतो, गाव घाबरतं, घर पडून राहतं, आम्ही घाईत विकतो. अगदी स्वच्छ गोष्ट. राईत अशा मला महिन्याला चार ऐकायला मिळतात. आता फक्त त्या माणसाला दुसऱ्यांदा विचारायचं होतं.

मंगळवारी राईत एका गॅरेजबाहेर गाडी लावली, काचा वर केल्या आणि त्याला फोन केला. आत कोणीतरी पत्रा ठोकत होतं.

“मला सगळं नीट सांगा,” मी म्हणाले. “पहिल्या रात्रीचं. घाई नाही.”

“सांगितलं ना ताई तुम्हाला.”

“परत सांगा. आधी काय ऐकलं?”

“आधी घंटा. देवळातली असती तशी, पण बारकी. मग ती बाई.”

“घंटा? तेव्हा घंटेचं बोलला नव्हतात तुम्ही.”

“तुम्ही इचारलंच न्हाई. मी बाई म्हणलो की तुम्ही लगेच टाइम इचारला.”

हे खरं होतं. आणि घंटा नवीन होती. मी सीटवर सरळ बसले.

“बाई काय बोलत होती?”

“काय कळतंय त्यातलं? मोजल्यावानी वाटत होतं. उनो, दोस, असं काहीतरी. थांबायची, परत मोजायची. मधीच कुत्रं भुकलं. आपल्याकडं कुत्रं न्हाई, ताई.”

मला कुत्रं आठवलं. पाव भाजायच्या खोलीसमोर बांधलेलं, करडं, मोठ्या कानांचं. दुसऱ्या अर्ध्यात मरतं.

“अजून काय?”

“अजून काही न्हाई.”

“काहीतरी आहे. तुम्ही पळालात कशाने? बाई मोजत होती तोवर तर उभे होतात ऐकत.”

पत्रा ठोकणारा थांबला होता.

“ताई, राग मानू नका.”

“नाही मानत.”

“मंग मधीच ती आपल्यात बोलली. मराठीत. जोरात वरडली, ‘अगं दार लाव आधी, मूर्ख!’ आणि...” त्याने आवाज खाली आणला. “आवाज तुमचा होता ताई. डिट्टो तुमचा. म्हणून मी साहेबांजवळ बोललो न्हाई. म्हणलं, ताईंना काही झालं का काय तिकडं? म्हणून सकाळी पहिला फोन तुम्हालाच केला. तुम्ही बोललात तवा कुठं जीवात जीव आला.”

“मग तुम्ही दार लावलं?”

“लावलं तर! मोटरच्या खोलीचं लावलं, कुलूप घातलं अन् सुटलो.”

मी हसले नाही. नंतर खूप हसले, पण तेव्हा नाही, कारण तेव्हा मी हिशेब करत होते. त्याचे साडेअकरा म्हणजे आमचे नऊ. इथे इतकी वर्षं राहून, रोज भारतात फोन करून, अडीच तासांचा फरक माझ्या डोक्यातून गेलाच होता. नऊला आम्ही झोपलेलो नव्हतो. नऊला आम्ही तिघं सोफ्यावर होतो, माद्रिदची ती मूर्ख बाई दार सताड उघडं टाकून घंटेच्या दिशेने निघाली होती आणि मी तिच्यावर ओरडले होते. नवऱ्याचा फोन टीपॉयवर, टीव्हीच्या आवाजासमोर, मागच्या पडवीचा कॅमेरा उघडा आणि बोलायचं बटण चालू. ते एकदा दाबलं की फोनच्या लाईनसारखं चालू राहतं, बंद करेपर्यंत. दिवसा सूचना देताना तो तसंच ठेवतो.

म्हणजे सगळा सिनेमा, घंटा, कुत्रं आणि माझी टीका धरून, आमच्या पडवीत ऐकू गेला होता. दोन गुरुवार.

माणूस खरं बोलत होता. रिसॉर्टवाल्याचा काही संबंध नव्हता. मी हा दावा पहिल्याच दिवशी चुकीच्या टेबलावर ठेवला होता.

संध्याकाळी नवरा घरी आला. चहा झाला. लेक अजून ऑफिसातच होती, ते बरं झालं.

“घरातल्या बाईचा पत्ता लागला,” मी म्हणाले.

“हो?”

“सिनेमातली होती. तुमचा फोन चालू राहिला होता. सगळा आवाज तिकडे गेला.”

तो चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, “असं होय.”

आता, मी त्याला जे सांगितलं ते कोणत्याही माणसाने ऐकलं तर तो आधी काय करेल? हसेल. किंवा म्हणेल, काहीतरीच काय! किंवा निदान विचारेल, तुला कसं कळलं? ज्याची गाडी खरंच कोणीतरी ठोकलेली असते त्याला आपण गुन्हेगार सापडला म्हणून सांगितलं की तो पहिल्यांदा ‘कोण?’ म्हणतो. ‘असं होय’ म्हणत नाही.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले.

“पहिल्या वेळी नव्हतं.”

“आणि दुसऱ्या?”

त्याने कप खाली ठेवला. “सिनेमा संपल्यावर फोन उचलला तर लाईन चालू. कॅमेऱ्यात बॅटरी पळताना दिसली. अगं, असा पळत होता तो, चिकूच्या झाडाला धडकला.” त्याला हसू आलं आणि त्याने ते आवरलं. “सकाळी सांगणार होतो. खरंच. पण सकाळी त्याचा फोन आला, आणि तो इतका घाबरलेला, की मला वाटलं, राहू दे दोन दिवस.”

“दोन दिवस कशासाठी?”

“माहीत नाही.”

“माहीत आहे. मग रिसॉर्टवाल्याला फोन कोणी केला? त्याने तुम्हाला की तुम्ही त्याला?”

“मी.”

मी वाट बघितली. ही माझी कामाची पद्धत आहे आणि ती त्याला माहीत आहे, तरी त्याच्यावरही चालते.

“मला नाही जायचं तिथे,” तो म्हणाला.

“दिंडोरीला?”

“दिंडोरीला. नाशिकला. कुठेच. मी काय करणार तिथे? सकाळी उठून आळी बघायची, दुपारी झोपायचं, संध्याकाळी परत आळी बघायची. इथे मला लोक विचारतात. व्हॉल्व्ह अडकला तर मला फोन येतो.”

“जूनमध्ये करार संपतोय. फोन दुसऱ्याला जाणार.”

“एका कंत्राटदाराशी बोललोय. सल्लागार म्हणून ठेवतो म्हणतो. पद लहान आहे. पण आहे.”

“कधी बोललात?”

“दिवाळीच्या आधी.”

म्हणजे मी दिंडोरीच्या घरासाठी पडद्याचं कापड निवडत होते तेव्हा. मी चिडले का? चिडले. पण ओरडले नाही. माझा आवाज एव्हाना पुरेसा लांब जाऊन आला होता.

“हे सरळ बोलता येत नव्हतं?”

“तू ऐकलं असतंस?”

“नसतं ऐकलं. भांडले असते. पण भांडण झालं असतं ना आपल्या दोघांचं, त्या माणसाला कशाला पळवलंत? त्याच्या बायकोने त्याला अंगारा आणून लावलाय, माहीत आहे?”

ते त्याला माहीत नव्हतं. त्याची मान खाली गेली. मी त्याला सांगितलं की गुरुवारी मी दूतावासात येणार नाही. तुम्हाला तिथे राहायचं नाही म्हणून घर विकायचं असेल तर त्यावर बोलू, एक महिना बोलू. पण भुताच्या नावावर मी सही करणार नाही. आणि आत्ताच्या आत्ता त्याला फोन लावा, आणि तुमच्या तोंडाने सांगा काय झालं ते.

त्याने लावला. मी स्पीकर चालू करायला लावला.

“अहो, ते भूतबित काही नाही,” नवरा म्हणाला. “आमच्या टीव्हीचा आवाज होता. माझा फोन चालू राहिला होता. चूक माझी.”

तो माणूस फार समजुतीने म्हणाला, “बरं साहेब.”

“नाही, खरंच सांगतोय. स्पॅनिश सिनेमा होता.”

“असंल ना साहेब. तुम्ही काळजी करू नका. मी कोणाला काही बोलणार न्हाई. घर इकायचं असतंय तवा असंच सांगावं लागतं.”

“अरे, विकायचं नाहीये!” मी मध्येच ओरडले.

“ताई?” तो दचकून म्हणाला. “तुम्ही तिकडूनच बोलताय ना?”

कोणाला काही बोलणार नाही म्हणणाऱ्या माणसाने तोवर वस्तीवर, दूध डेअरीवर आणि सोसायटीच्या ऑफिसात सगळ्यांना सांगून झालेलं होतं. पंधरवड्यात ते रिसॉर्टवाल्यापर्यंत पोचलं. त्याने नवऱ्याला फोन करून सांगितलं की त्याचा स्वतःचा अशा गोष्टींवर विश्वास नाही, पण गिऱ्हाइकांचा असतो. नवऱ्याने त्यालाही स्पॅनिश सिनेमाचं सांगून बघितलं. सिनेमाचं नाव विचारल्यावर त्याला आठवेना. मी आतून ऐकत होते, मी सांगितलं नाही.

त्यामुळे घर आहे तिथे आहे. माणूस दिवसाउजेडी येतो, पाणी घालतो आणि सूर्य मावळायच्या आत जातो. मोटरला त्याने आपोआप चालू होणारा स्टार्टर बसवून घेतला.

नवरा कंत्राटदाराकडे जाणार. मी जूनमध्ये राजीनामा देणार आणि दिंडोरीला जाणार. हे आम्ही एक महिना भांडून ठरवलं, आणि लेकीने दोघांनाही वेड्यात काढलं. तो म्हणतो, सहा महिने इथे काढतो, मग बघू. मी विचारलं, बघू म्हणजे काय? तो म्हणाला, बघू म्हणजे येईन.

“एकटी राहशील तिथे?” त्याने परवा विचारलं.

“एकटी कसली? भूत बघायला अख्खं गाव येईल.”

तो हसला आणि म्हणाला, तुझ्या तिकिटाचं मीच बघतो, पुढच्या आठवड्यात काढून टाकतो. स्वतःहून म्हणाला. तिकीट ह्या माणसाने आजवर कधी काढलेलं नाही, सगळ्यांची तिकिटं मीच काढते. मी ‘बरं’ म्हणाले, आणि तो आंघोळीला गेल्यावर माझं तिकीट मी काढून ठेवलं.